जाम बोल्टाला हातोडी नव्हे, वेळ द्या

मोटारसायकल आता शौकाची चीज राहिलेली नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या गावांत ती रोजीचे साधन आहे. साड्यांचे गठ्ठे मागे बांधून खेड्यापाड्यांतले आठवडी बाजार करणारा फेरीवाला, सुताची कोन घेऊन कारखान्या-कारखान्यांत फिरणारा दलाल, उधारी वसुलीला निघालेला मुनीम, या सर्वांचे दुकान दोन चाकांवर चालते. गाडी बंद म्हणजे दुकान बंद. नव्या गाडीची किंमत ऐकून बहुतेकांचा हात खिशातच राहतो. म्हणून पंधरा-वीस वर्षांची स्प्लेंडर, त्याहून जुनी सीडी हंड्रेड, बुलेट किंवा येझदी आजही रस्त्यावर आहे, आणि तिला रस्त्यावर ठेवणारा कारागीर आपल्याच गल्लीतला आहे.

व्यापारी आणि मिस्त्री या दोघांचेही नुकसान करणाऱ्या एका लहानशा गोष्टीकडे या लेखातून लक्ष वेधायचे आहे. ती गोष्ट म्हणजे इंजिनाला फ्रेममध्ये धरून ठेवणारा फाउंडेशन बोल्ट. क्लच, गिअर किंवा क्रँकच्या मोठ्या कामासाठी इंजिन उतरवायला घेतले आणि हा बोल्ट जाम निघाला, की गॅरेजात पहिली हाक हातोडीला जाते. येथूनच बिघाडाला सुरुवात होते. आमचे स्पष्ट मत आहे की यात दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. मजुरी ठरवण्याची आपली रीतच अशी आहे की सब्र करणारा कारागीर तोट्यात जातो आणि घाई करणारा टिकतो.

बोल्ट जाम का होतो?

हा बोल्ट पोलादी असतो. इंजिनाचे केसिंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. बोल्ट फ्रेमच्या पत्र्यातून निघून केसिंगच्या कानातून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूच्या पत्र्यात निघतो. छिद्रात थोडी फट असतेच. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल आणि गाडी धुतल्याचे पाणी त्या फटीत शिरते आणि तेथेच राहते. पोलादाला तांबडा गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. दोन वेगळ्या धातूंच्या मधोमध पाणी राहिले की ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. समुद्रकाठच्या गावात हवेतले मीठ त्यात भर घालते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, हे येथे लक्षात ठेवावे. छिद्रात जागा तेवढीच, आणि भरणारा माल वाढत चाललेला. म्हणजे नट काढून टाकला तरी बोल्ट आतून पाचरीसारखा आवळलेला असतो. तो नटाने नव्हे, गंजाने धरलेला असतो. पाना लावून नट मोकळा झाला की अर्धे काम झाले असे ग्राहकाला वाटते, पण खरे काम तेथून पुढे सुरू होते.

हातोडीचा हिशोब

आता हातोडी काय करते ते पाहा. बोल्टाच्या टोकावर थेट घाव घातला की ते टोक अळंबीसारखे पसरते. पहिले दोन आटे दबतात. जो बोल्ट गंजामुळे निघत नव्हता, तो आता स्वतःच्या फुगलेल्या टोकामुळे छिद्रातून जाऊ शकत नाही. मग घाव वाढतात, आणि त्यांचा सारा जोर केसिंगच्या कानावर येतो. ॲल्युमिनियमचे ओतीव काम वाकत नाही, तडकते. कान तुटला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

कान तुटल्यावर एक वाट आर्गन वेल्डिंगची. ते काम चांगले करणारा हात प्रत्येक गावात सापडत नाही. दुसरी वाट भंगार बाजारातून जुने केसिंग आणण्याची, आणि येथे व्यापाऱ्याने फार सावध राहिले पाहिजे. इंजिन नंबर केसिंगवर कोरलेला असतो. केसिंग बदलले की गाडीचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळेनासा होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, तो आरटीओकडे रीतसर नोंदवावा लागतो. शिवाय ते जुने केसिंग कोणाच्या गाडीचे होते? बिल नसेल तर उत्तर देता येत नाही. नाक्यावर तपासणी झाली आणि नंबर जुळला नाही, तर साडीचा गठ्ठा बांधलेला सरळमार्गी माणूस चोरीच्या मालाच्या संशयात उभा राहतो. मिस्त्रीलाही जबाब द्यावा लागतो. एका बोल्टाच्या घाईतून दोन इमानदार माणसे अडचणीत येतात.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आली. म्हणजे ज्याची गाडी जुनी, त्यालाच कागदपत्रे सर्वांत अधिक जपायची आहेत.

सब्राची रीत

जाम बोल्ट काढण्याची रीत गुप्त नाही. जाणते उस्ताद ती ओळखून आहेत. तरी एका जागी मांडतो, म्हणजे मिस्त्रीला ती ग्राहकाला समजावता येईल आणि ग्राहकाला ओळखता येईल.

१) सर्वप्रथम पेट्रोलची टाकी उतरवावी, कार्बोरेटरमधले पेट्रोल काढावे आणि बॅटरीची तार सोडवावी. पुढे उष्णता द्यावी लागली तर याच गोष्टीवर जीव अवलंबून असतो.

२) तारेच्या ब्रशने माती व गंज साफ करावा. मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना घ्यावा. जपानी बनावटीच्या धर्तीवरील गाड्यांना बहुधा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे नट-बोल्ट असतात. त्यांवर मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण कोपरे खाऊन टाकतो.

३) इंजिनाखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन वजन उचलून धरावे. इंजिनाचा भार बोल्टावर लटकत असेल तर गंज नसलेला बोल्टही निघत नाही. हे साधे काम न करता घातलेले घाव निव्वळ वाया जातात.

४) तेल द्यावे. गंज सोडवणारा स्प्रे उत्तम, तो नसेल तर डिझेल आणि रॉकेल चालते. काही कारागीर गिअरचे एटीएफ तेल आणि ॲसिटोन समभाग घेतात. ते वापरताना दर वेळी हलवून घ्यावे, कारण दोन्ही वेगळे होतात, आणि ॲसिटोन पटकन पेट घेते याचे भान ठेवावे. बोल्टाच्या डोक्याभोवती पुट्टीची लहान वाटी करून तीत तेल ठेवले तर ते ओघळून न जाता आत मुरते. तेल सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन दिवस द्यावे. मधून मधून हलके ठोके द्यावेत. हे ठोके बोल्ट काढण्यासाठी नसतात. गंजाच्या थराला बारीक चिरा पडून तेलाला वाट मिळावी, एवढाच त्यांचा हेतू.

५) बोल्ट ठोकण्याआधी फिरवावा. प्रथम केसभर आवळण्याच्या दिशेला, मग सोडण्याच्या दिशेला. हलला की पुन्हा तेल आणि मागे-पुढे. पान्याला रबरासारखी लवचीक ओढ जाणवली तर थांबावे. याचा अर्थ डोके फिरते आहे आणि आतला दांडा पिळवटतो आहे. आणखी जोर लावला तर बोल्ट आतच तुटेल.

६) तेलाने भागले नाही तर उष्णता द्यावी, पण ती बोल्टाला नव्हे, भोवतीच्या ॲल्युमिनियमला. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. शंभर अंशांनी तापमान वाढले तर १० मिलिमीटरचे छिद्र बोल्टापेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटर अधिक मोठे होते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण गंजाची पकड तेवढ्यानेच सुटते. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडून गेला की ताप पुरेसा झाला. मोठी ज्योत लावून लाल होण्याची वाट पाहू नये. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखे लाल दिसत नाही, आणि ६६० अंशांना वितळते. डोळ्याला काही कळण्याआधी कान गळून पडतो. तापलेल्या केसिंगवर थंड पाणीही ओतू नये, ते तडकते. जवळ रबर बुश असेल तर ज्योत लावूच नये.

७) बोल्ट फिरू लागला की मगच ठोकून काढावा. नट टोकाशी समपातळीवर परत लावावा, म्हणजे आटे वाचतात. मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा दांडा धरावा. त्याहून चांगले म्हणजे पाइपाचा तुकडा, जाड वॉशर आणि नट लावून ओढून काढणे. ओढण्यात घावाचा धक्का केसिंगला बसत नाही.

८) एवढे करूनही जमले नाही तर फ्रेम आणि केसिंगच्या फटीतून ब्लेडने बोल्ट कापून इंजिन खाली घ्यावे आणि उरलेला तुकडा लेथवर किंवा प्रेसवर काढावा. इझी-आउट जपून वापरावे. ते कडक पोलादाचे असते, आत तुटले तर साध्या ड्रिलला दाद देत नाही.

बोल्ट निघाल्यावरही काम संपत नाही. छिद्र स्वच्छ करावे, त्याच मजबुतीचा नवा बोल्ट आणावा. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तेथे तोच आकडा पाहून घ्यावा, लोखंडी सामानाच्या दुकानातला साधा बोल्ट बसवू नये. दांड्यावर तांब्याचे अँटीसीझ किंवा निदान ग्रीस लावावे. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात अधिक आवळला जातो, म्हणून पान्याला लटकू नये. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, मग एकेक आवळावा. आज लावलेले चिमूटभर ग्रीस दहा वर्षांनी कोणा दुसऱ्या मिस्त्रीचे दोन दिवस वाचवील.

मजुरी कशाची द्यायची?

आता मुद्द्याचे. वरील रीत सर्व जाणते मिस्त्री ओळखून आहेत, तर ती वापरली का जात नाही? कारण तिचे पैसे कोणी देत नाही. ग्राहक सकाळी गाडी टाकतो आणि म्हणतो, "उस्ताद, मगरिबपर्यंत गाडी पाहिजे." मजुरी अख्ख्या कामाची ठरते. बोल्ट सहज निघाला तरी तेवढीच, तीन दिवस छळले तरी तेवढीच. तेल देऊन वाट पाहणाऱ्या मिस्त्रीला ग्राहक रिकामा बसलेला समजतो. घाव घालणारा मात्र मेहनती दिसतो. आपण घामाचे पैसे देतो, अकलेचे देत नाही.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला तरी हे समजायला हवे. सुताची गुंतलेली लड सोडवायला बसलेला कारीगर आपण पाहतो. कात्री चालवली तर एका क्षणात मोकळी होते, पण माल तुकड्यांत जातो. लड सोडवण्याची मजुरी आपण वेगळी धरतो, कारण वाचलेल्या सुताची किंमत आपल्याला दिसते. मग वाचलेल्या केसिंगची किंमत का दिसू नये?

एक हिशोब मांडू. समजा, इंजिन उतरवून बसवण्याची मजुरी १,२०० रुपये ठरली. बोल्ट जाम निघाला. सब्राच्या रीतीचे ३०० रुपये वाढीव दिले तर १,५०० रुपयांत काम झाले. आता समजा, हातोडीने कान तुटला. वेल्डिंग आणि छिद्र नव्याने करण्याचे १,५०० रुपये, शिवाय गाडी पाच दिवस बंद. फेरीवाल्याची रोजची कमाई ५०० रुपये धरली तरी २,५०० रुपये बुडाले. एकूण ५,२०० रुपये. ३०० रुपये वाचवण्यासाठी ३,७०० रुपये अधिक गेले. वर भांडण झाले, आणि वीस वर्षांचा संबंध तुटला तो वेगळाच.

अमानत आणि कायदा

दुरुस्तीला टाकलेली गाडी ही मिस्त्रीकडे अमानत असते. ही केवळ नीतीची गोष्ट नाही, १८७२ चा भारतीय करार कायदाही हेच सांगतो. कलम १५१ प्रमाणे, सोपवलेल्या मालाची समंजस माणूस स्वतःच्या मालाची घेतो तेवढी काळजी घेणाऱ्याने घेतली पाहिजे. त्याचबरोबर कलम १७० मिस्त्रीलाही हक्क देते. ज्या मालावर आपले कसब आणि श्रम खर्चून काम ठरल्या मुदतीत पुरे केले, त्याची योग्य मजुरी मिळेपर्यंत, वेगळा करार नसेल तर, तो माल ठेवून घेता येतो. एकाच कायद्याने दोघांचे हात बांधले आहेत आणि दोघांना हात दिलाही आहे. परंतु योग्य मजुरी किती, हे आधी बोललेलेच नसेल तर दोन्ही कलमे असूनही भांडण चौकात होते.

आक्षेपांचा विचार

काही मिस्त्री म्हणतील की आम्ही तीन दिवस मागितले तर ग्राहक शेजारच्या गॅरेजात जाईल. हे खरे आहे. पण यावर तोडगा आहे. तेल मुरण्यासाठी गाडी गॅरेजात उभी ठेवण्याची गरजच नाही. इंजिन उतरवायचे आधीच ठरले असेल तर नट न सोडता, तीन-चार दिवस आधीपासून रोज दुकान बढवताना दोन मिनिटे थांबून तेल देऊन जावे. गाडी रोजच्यासारखी चालते, तिच्या थरथरीने तेल अधिक आत जाते. तेल ब्रेकच्या ड्रमवर जाऊ देऊ नये, एवढीच काळजी घ्यायची. ज्या तीन दिवसांची ग्राहकाला भीती वाटते, त्यांत त्याची एक दिवसाचीही कमाई बुडत नाही.

काही व्यापारी म्हणतील की जाम बोल्टाचे वेगळे पैसे द्यायला लागलो तर प्रत्येक बोल्ट जाम निघेल. हा संशयही निराधार नाही. लबाडी प्रत्येक धंद्यात आहे, मापात कापड कमी देणारे आपल्याही धंद्यात आहेत. त्यावर उपाय हाच की दर आधी ठरवावा, जाम बोल्ट ग्राहकाला प्रत्यक्ष किंवा मोबाइलवरील फोटोत दाखवावा, आणि काढलेला जुना बोल्ट गाडीबरोबर परत द्यावा. गंजलेला बोल्ट स्वतःच साक्ष देतो.

तिसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुनी गाडी भंगारात द्यावी. ज्या गाडीची फ्रेम सडली, जिचा धूर आवरत नाही, ती खुशाल द्यावी. पण केवळ एका बोल्टापायी चालते इंजिन मोडून टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. आमच्या कापडगावांत जुने यंत्रमाग आजही चालतात ते फिटरच्या हुनरावर.

काय करता येईल?

मिस्त्री बंधूंनी मजुरीचे दोन भाग करावेत, एक खोलाईचा आणि एक बसवण्याचा. बोल्ट जाम निघाला तर वाढीव दर काय, हे गाडी हातात घेतानाच सांगावे आणि वहीत लिहावे. केसिंग बदलावेच लागले तर बिलाशिवाय घेऊ नये आणि आरटीओत नोंद करण्यास ग्राहकाला बजावून सांगावे.

अवजारांचा प्रश्न राहतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. त्यांत लोहार आहे, हातोडी व अवजारे बनवणारा आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे. पण मोटारसायकलचा मिस्त्री नाही. सरकारने विचार केला तर उत्तम, पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. एका गल्लीतल्या चार-पाच गॅरेजांनी मिळून हॉट एअर गन, टॅप-डायचा संच आणि लहान प्रेस घेतला तर खर्च वाटला जाईल आणि काम सर्वांचे होईल. हाताखाली शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी हातोडी देण्याऐवजी तेलाची कुपी द्यावी. ज्याला आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येईल, त्याला त्यासाठी सवड द्यावी.

व्यापारी बंधूंनी काम चार दिवस आधी सांगावे, वाढीव मजुरी कुरकुर न करता द्यावी, आणि "मगरिबपर्यंत पाहिजे" हे वाक्य जिभेवरून काढून टाकावे. आपल्या घाटांतल्या पाट्यांवर "अति घाई संकटात नेई" असे लिहिलेले असते. तशी एक पाटी गॅरेजात लावली तर वावगे होणार नाही. मात्र ती अशा जागी लावावी की मिस्त्री आणि ग्राहक या दोघांनाही दिसेल.